खटका बसला नव्हता, बोल मात्र सुनेला



महिनाभर इथे काही लिहिलं नाही. राग शांत झाल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. तो काही शांत होत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

चातुर्मासात आमच्या घरी चौका लावला होता. माणसं बरीच, पदार्थ मांडायला एक टेबल कमी पडत होतं, म्हणून मंदिराच्या भांड्यांच्या खोलीतून फोल्डिंगचं टेबल आणलं. पाय वर-खाली करून उंची बदलता येते ते. एका नळीत दुसरी नळी, बाहेरच्या नळीला ओळीने भोकं, आतल्या नळीला स्प्रिंगचं बटण. हव्या त्या भोकातून बटण बाहेर आलं की खटका बसतो आणि पाय तिथेच राहतो. तुमच्याही मंडळाकडे, मंदिराकडे, हळदीकुंकवाच्या सामानात असलं एखादं असणारच.

जावेच्या सुनेने ते लावलं. चारी पाय सारखे केले, वर स्वच्छ कापड घातलं, भांडी मांडली. महाराजांचं पडगाहन झालं, विधी झाला, आहार सुरू झाला. चारपाच घास झाले असतील. ती गरम दुधाचं पातेलं टेबलावर ठेवायला वळली, ठेवलं आणि टेबलाचा एक पाय दोन भोकं खाली घसरला. पातेलं तिच्या पायावर. ती किंचाळली. महाराजांनी अंजुली सोडली. अंतराय.

आपल्याला सांगायला नको, त्याचा अर्थ काय. दिवसातून एकदाच आहार आणि तेव्हाच पाणी. आता दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. पण मला लिहायचं आहे ते पुढच्या पंधरा मिनिटांबद्दल. मुलगी मोरीत नळाखाली पाय धरून बसली होती, आणि बाहेर बायका बोलत होत्या. "लक्ष नव्हतं हिचं." "एवढं किंचाळायचं कशाला, दोन मिनिटं सोसायचं होतं." एकजण म्हणाली, "असाता वेदनीयाचा उदय, दुसरं काय." चोवीस वर्षांची पोर मला म्हणाली, "काकू, मी टेबल नीट लावलं होतं हो."

संध्याकाळी मी ते टेबल अंगणात उताणं केलं आणि चारही पाय तपासले. तीन ठीक होते. चौथ्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, वाळून दगड झालेलं. बटण आतच अडकलेलं, त्याची स्प्रिंग गंजलेली. त्या पायाला खटका बसलाच नव्हता! गंजामुळे आतली नळी बाहेरच्या नळीत दाटली होती, तेवढ्यावरच टेबल उभं होतं. रिकामं होतं तोवर उभं राहिलं. भांडी चढत गेली तशी दाटण सुटत आली आणि शेवटच्या पातेल्याने सुटलीच. वरून कापड खालपर्यंत सोडलेलं, कुणाला काय दिसणार?

म्हणजे दोष कुणाचा? माझाही आहे, हे आधी लिहून टाकते. टेबल माझ्या घरी आलं, मी पाय पाहिले नाहीत. पण ज्यांच्या खोलीत ते वर्षानुवर्षं पडून होतं, ज्यांनी ते कधी उघडून पाहिलं नाही, त्यांचं काय? त्या टेबलावर दात्याचं नाव ऑइल पेंटने ठसठशीत लिहिलंय. नाव रंगवायला रंग मिळाला. चार बटणं बदलायला कुणी मिळालं नाही.

मी हे व्यवस्थेतल्या एका भाऊंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, वस्तू आहे, बिघडते. माणसाने जयणा पाळली पाहिजे." या उत्तरासाठीच मी हा लेख लिहितेय. हे उत्तर आपल्या घराघरात दिलं जातं, आणि ते नेहमी बाईला दिलं जातं.

जयणा म्हणजे काय हो? नुसतं डोळे वटारून बसणं? आपल्या साधूंच्या पाच समितींमध्ये चौथी आहे आदान-निक्षेपण समिती, वस्तू उचलताना आणि ठेवताना जपणं. ही समिती पाळताना महाराज काय करतात? "माझं लक्ष आहे" म्हणून भागवतात का? त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष कुणाचं असणार? तरी ते हातात पिंछी घेतात. कमंडलू ठेवायचा, शास्त्र उचलायचं, बसायचं, तर आधी पिंछी फिरते. ज्यांनी अंगावरचं वस्त्रसुद्धा सोडलं, त्यांनी पिंछी सोडली नाही. आपली जागरूकता कितीही मोठी असली तरी तिला साधन लागतं, हे त्यांनी मान्य केलं. आणि आम्ही संसारी बायका, कडेवर मूल, गॅसवर दूध, दारात पाहुणे, आम्ही मात्र नुसत्या लक्षावर टेबल उभं धरायचं!

टेबलाचा खटका ही आपली पिंछी आहे. तो काम करतोय की नाही हे पाहणं हीच जयणा. तो मोडका ठेवून वर जयणेचा उपदेश करणं याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, प्रमाद. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते. ती फक्त पाणी वाया घालवणाऱ्या बाईची नसते. गंजलेली स्प्रिंग वर्षभर तशीच ठेवणाऱ्याचीही असते.

आणि कर्माचं म्हणाल तर, कर्मसिद्धांत मला माझ्या दुःखाकडे पाहायला शिकवला आहे. माझा पाय भाजला तर मी म्हणेन, माझा उदय. दुसऱ्याचा पाय भाजल्यावर तिच्या तोंडावर तेच म्हणणं हा स्वाध्याय नव्हे, ती जबाबदारी झटकण्याची सोय आहे. निमित्त झालेल्याला हिशोबातून वगळायचं असेल तर मग आपण पाणी तरी गाळून का पितो? त्यातल्या जीवांचाही उदय म्हणून सोडून द्या की.

त्या कुंभारमाशीचाही विचार करा. घाईघाईत नळी आत ढकलली की त्या मातीच्या घरातल्या अळ्या चिरडतात. पोकळ पायांत मुंग्या असतात, कोळी असतात, पालीची अंडी असतात. टेबल उघडण्याआधी प्रत्येक भोकात पाहायला हवं ते टेबलासाठी जेवढं, तेवढंच त्यांच्यासाठीही. एका नजरेत दोन्ही व्रतं पाळली जातात. इतकं सोपं पुण्य कुठे मिळतं?

काही आजी म्हणतील, आमच्या वेळी चौरंग होते, ही थेरं हवीत कशाला. मला ते पटत नाही. गुडघे गेलेल्या बायकांनी चौरंगाशी वाकवाकून चौके लावले, त्यांच्या कमरेचं कुणी विचारलं नाही. उंची बदलणारं टेबल ही चांगली गोष्ट आहे. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत पलंगावर सरकणारं टेबल होतं म्हणून त्या स्वतःच्या हाताने जेवल्या. मला टेबल नको असं नाही. मला त्याचा खटका शाबूत हवा आहे.

हे टेबलही नीट ओळखून घ्या, कारण प्रत्येकाची खोड वेगळी. बटणाचा प्रकार मी सांगितला. त्यात बटण टक्‌ आवाज करून पूर्ण बाहेर यायला हवं. अर्धवट आलेलं बटण हे न आल्यापेक्षा वाईट, कारण ते आल्यासारखं दिसतं. दुसरा प्रकार नुसत्या पिळायच्या नॉबचा, मुलांच्या अभ्यासाच्या स्वस्त टेबलांना असतो तो. तिथे भोकात काहीच शिरत नाही, नॉबचा स्क्रू नळीवर दाबून धरतो, बस. तेलाचा हात लागला, पेच जरा सैल झाला, की टेबल हळूहळू खाली येतं किंवा एकदम येतं. असल्या टेबलावर गरम काही ठेवू नये, आणि जमलं तर फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन्ही नळ्यांतून आरपार भोक पाडून त्यात पिन घालून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे. इस्त्रीच्या टेबलाला खालून दातेरी पट्टी असते. दांडी दात्यात बसली की नाही हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि आपण इस्त्री गरम करून मगच टेबल हलवतो.

आता विजेच्या टेबलांबद्दल. पुण्या-मुंबईत, बंगळुरूला राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी ती आली आहेत. बटण दाबलं की डेस्क वर जातं, उभं राहून काम करता येतं. माझ्या भाचीकडे आहे. तिचा नवरा म्हणाला, "मामी, हे पडूच शकत नाही." खरं आहे त्याचं. त्याच्या पायांत लांब स्क्रू असतो आणि त्याचे आटे इतके आडवे असतात की वरच्या वजनाने तो उलटा फिरत नाही. मोटर बंद असली तरी टेबल जागेवर राहतं. पण तिथे धोका पडण्याचा नाहीच, चालण्याचा आहे. बटण खालीच, दीड वर्षाच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. टेबल सेकंदाला दोनतीन सेंटिमीटर सरकतं. हळू वाटतं ना? दहा सेंटिमीटरची फट बंद व्हायला चारपाच सेकंद लागतात. त्या फटीत बोटं असली तर? खाली ड्रॉवरचं कपाट, शेजारी खिडकीची चौकट, खुर्चीचा हात, या सगळ्या फटी.

तो म्हणाला, अडथळा आला की आपोआप थांबतं. थांबतं, पण कसं? बऱ्याच टेबलांत मोटरवर जोर वाढला की यंत्राला कळतं की काहीतरी आडवं आलंय. लाकडी खुर्ची कडक असते, लगेच जोर लागतो. बाळाचं बोट मऊ असतं, ते दाबलं जाईपर्यंत जोर कुठला? ती सोय टेबल आणि खुर्ची वाचवायला ठीक, तिच्यावर मूल सोपवायचं नसतं. मुलांसाठी वेगळं कुलूप असतं, चाइल्ड लॉक. बहुतेक टेबलांत ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरलं की ते लागतं, मग बाकीची बटणं चालत नाहीत. विचारलं, लावता का? म्हणाला, "दरवेळी काढायला कटकट होते." सहा सेकंदांची कटकट. मूल दिवसभर सांभाळायचं माझ्या भाचीने, आणि लक्ष नव्हतं असं ऐकायचंही तिनेच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत बाळांसाठी एक बाजू वर-खाली सरकणारे लाकडी पलंग कित्येक दशकं विकले गेले, आईला वाकायला लागू नये म्हणून. सोय चांगलीच होती. पण सरकत्या बाजूचे खटके झिजत, तुटत, पुन्हा जोडताना चुकीचे बसत, बाजू सुटून फट पडे आणि त्यात बाळ अडके. 2000 सालानंतरच्या दहाएक वर्षांत किमान 32 बाळं अशी गेली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आयांना नुसतं "लक्ष ठेवा" असं सांगून भागवलं नाही. 2011 मध्ये असे पलंग बनवणं आणि विकणं दोन्ही बंद केलं. कंपन्यांना खटका बदलावा लागला, खरं तर ती सरकती बाजूच काढावी लागली. आपल्याकडेही टेबल आणि डेस्कसाठी भारतीय मानक आहे, आयएस 17633, 2022 सालचं. दुकानात लॅमिनेटचा रंग विचारता तसं हेही विचारा. आणि दुकानदाराला सगळ्यात उंच भोकावर टेबल लावून त्यावर दोन्ही हातांनी भार द्यायला लावा. तो कचरला तर घेऊ नका.

आमच्या मंदिराकडे मी लेखी मागितलं आहे की सगळी टेबलं एकदा उन्हात काढा, भोकं जपून मोकळी करा, स्प्रिंगा बदला, जे दुरुस्त होत नाही ते भंगारात द्या, दात्याचं नाव कितीही मोठं असो. आणि देताना कुणीतरी सही करून द्या की चारही खटके पाहिले. वहीत भांड्यांची संख्या लिहिता, डाव-झाऱ्यांचा हिशोब ठेवता, तिथे हा एक रकाना वाढवा. अजून उत्तर नाही. "बाईंना राग फार" असं कानावर आलं, तेवढंच.

क्षमावाणीच्या दिवशी ती मुलगी आली होती. तीन आठवडे झाले तरी पायाला पट्टी होती, चप्पल अर्धीच अडकवलेली. सभामंडपात सगळ्यांसमोर हात जोडून ती प्रत्येकीला उत्तम क्षमा म्हणत फिरली, आणि त्या दोघीतिघींसमोर जरा जास्तच वाकली. त्यांनी तिला क्षमा केली. तिची कुणी मागितली नाही. मी मागितली तेव्हा ती गडबडली, "काकू, तुम्ही कशाला?"

ते टेबल मी परत केलेलं नाही. आमच्या माळ्यावर आहे, चौथ्या पायाला लाल फडकं बांधलेलं. मागायला आले तर आधी बटण घेऊन या म्हणणार आहे.