दहापट दंड कोणत्या कायद्याने?

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जालना

विषय : दुकानात उचलेगिरी करताना सापडलेल्यांकडून जागेवरच वसूल होणाऱ्या ‘दंडा’बाबत

महोदय,

जालन्याचा बाजार बदलला आहे. किराणा, कापड आणि सराफ्याच्या जुन्या पेठा आहेतच; पण आता टोपली हातात घेऊन हवी ती वस्तू गिऱ्हाइकाने स्वतः उचलायची, अशी मोठी दुकानेही आली. गल्ल्यावर बसलेल्या शेठजींची नजर गेली, तिथे कॅमेरा आणि दाराशी सुरक्षारक्षक आला. या दुकानांत उचलेगिरी होते, हे खरे आहे. पण ती पकडल्यावर आतल्या खोलीत जो निवाडा होतो, त्याला कोणत्याच कायद्याचा आधार नाही. त्याबद्दल हे पत्र आहे.

मी या शहरात वकिली करते. मध्यंतरी एक बाई सल्ल्याला आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. एका दुकानात क्रीमची डबी आणि मुलीसाठी चॉकलेटचे पाकीट त्यांनी पिशवीत टाकले आणि पैसे न देता त्या दाराकडे निघाल्या. किंमत दोनशे चाळीस रुपये. आपण ते केले, हे त्यांनी माझ्यापासून लपवले नाही. रक्षकाने त्यांना मागच्या गोदामात नेले. दोन्ही वस्तू काढून घेतल्या आणि त्या पुन्हा विक्रीच्या मांडणीवर गेल्या. मग छापील माफीनामा पुढे आला. ‘मी यापूर्वीही या दुकानातून वेळोवेळी माल चोरला आहे’ हे वाक्य त्यात आधीच छापलेले होते. बाईंनी सही केली. वस्तू हातात धरायला लावून त्यांचा फोटो काढला. ‘दहापट भर, नाहीतर पोलीस बोलावतो, रात्र आत जाईल,’ असे सांगितले. भावाला फोन करून त्यांनी सातशे रुपये ऑनलाइन पाठवायला लावले. उरलेल्या सतराशेसाठी त्यांचे आधार कार्ड ठेवून घेतले. माझ्यासमोर बसून त्यांनी एकच विचारले, “मॅडम, राहिलेले सतराशे भरू का नको?”

‘भरू नका,’ असे मी सांगितले. त्यामागची कारणे जिल्ह्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आणि दुकानदारालाही कळायला हवीत, म्हणून इथे मांडते.

चोरी हा गुन्हाच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. पण त्याच कलमात संसदेने एक शहाणपणाची तरतूद केली. मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. अशी किरकोळ चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. म्हणजे कलम 303 पुरते पाहिले तर ‘रात्र आत जाईल’ ही धमकी पोकळ आहे. दुकानाला आपला माल परत घेण्याचा हक्क आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 खासगी व्यक्तीला दुसऱ्याला पकडून ठेवू देते, ते दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यासाठी; तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. कलम 303 मधल्या अशा किरकोळ चोरीसाठी बाईमाणसाला गोदामात बसवून ठेवणे या कलमात बसत नाही.

आता दहापटीचा प्रश्न. दुकानाने भिंतीवर पाटी लावली, म्हणून कायदा तयार होत नाही. करारात आधीच ठरलेली दंडाची रक्कमसुद्धा न्यायालय जशीच्या तशी देत नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाईपुरतेच थांबते. इथे तर करारच नाही. माल जसाच्या तसा मांडणीवर परत गेला, तर भरपाई कशाची? जबरदस्तीने घेतलेले पैसे परत केले पाहिजेत, असे त्याच कायद्याचे कलम 72 सांगते. आणि भीती घालून पैसे काढणे हा न्याय संहितेच्या कलम 308 खाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. दोनशे चाळीसची चोरी पकडणारा माणूस त्याहून मोठ्या गुन्ह्याच्या वाटेला लागतो आणि त्याला ते ठाऊकही नसते.

भरणाऱ्याच्या पदरात तरी काय पडते? चोरीचा गुन्हा तडजोडपात्र आहे. मालाच्या मालकाने कायद्याच्या चौकटीत तडजोड केली, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखा होतो आणि प्रकरण कायमचे मिटते. गोदामात दिलेल्या पैशांनी यातले काहीच मिळत नाही. पावती नाही, तक्रार करणार नाही असा लेखी शब्द नाही. उलट सही केलेला माफीनामा दुकानाकडे राहतो आणि उद्या तोच भरणाऱ्याविरुद्ध कबुलीजबाब म्हणून पुढे येऊ शकतो.

म्हणून माझा सल्ला सरळ असतो. वस्तू घेतली असेल तर ती परत द्या. वापरली किंवा खराब झाली असेल तर छापील किंमत भरा आणि पावती घ्या. त्यापलीकडची मागणी लेखी मागा. न वाचता, न पटता कशावरही सही करू नका. आधार कार्ड कोणाकडे ठेवू नका. मात्र दुकानाकडून वकिलाची नोटीस आली तर ती टाकून देऊ नका, तिला उत्तर द्या. न्यायालयाचे समन्स आले तर हजर राहा.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत दुकानाला अशी ठरावीक भरपाई पत्र पाठवून मागता येईल असे कायदेच आहेत. तरीही तिथे हद्द ओलांडली गेली. ‘करेक्टिव्ह एज्युकेशन’ नावाची एक कंपनी मोठ्या दुकानांत सापडलेल्यांना ‘सुधारणा अभ्यासक्रमा’चे चारशे-पाचशे डॉलर भरा, नाहीतर पोलीस, असे सांगत असे. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने ही खंडणी ठरवली. इंग्लंडमध्ये 2012 साली ऑक्सफर्डच्या न्यायालयाने दोन किशोरवयीन मुलींविरुद्धचा एका दुकानाचा दावा फेटाळला. माल परत मिळालेला होता, आणि चोर पकडणे हे तर सुरक्षा कर्मचाऱ्यांचे पगारी कामच होते. मग त्याचा वेगळा खर्च मुलींकडून का घ्यायचा? आपल्याकडे तर दुकानांना अमेरिकेसारखा कायद्याचा आधारही नाही.

दुकानदारांचे दुखणे मला कळते. रोज थोडा थोडा माल जातो आणि वर्षाअखेरीस तूट दिसते. दोनशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्या प्राधिकरणाकडेच आहे, आणि म्हणून मी पोलिसांना किंवा व्यापाऱ्यांना नाही, आपल्याला लिहीत आहे.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दाखलपूर्व वाद लोकअदालतीत मिटवता येतात. कोर्ट फी लागत नाही, तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते. जालन्यासह भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या तालुक्यांत पाच हजारांखालच्या अशा भरपाईच्या वादांसाठी लोकअदालतीची वाट खुली आहे, हे दुकानांना कळवा. मालकाला खऱ्या नुकसानाची भरपाई मिळेल आणि माणसाला सुटकेचा कागद.

दुसरी विनंती पाटीची. दुकानाच्या दाराशी आणि त्या आतल्या खोलीतही मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहिलेली असावी : चोरी हा गुन्हा आहे; माल किंवा किंमत परत करा; जादा दंड घेण्याचा दुकानाला अधिकार नाही; मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. महिला आणि मुलांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते, हेही त्यावर असू द्या.

तिसरी विनंती प्रशिक्षणाची. आपले विधी स्वयंसेवक दुकानांच्या व्यवस्थापकांना आणि रक्षकांना दोन तास भेटले, तरी पुष्कळ साधेल. बाईची झडती रक्षकाने घ्यायची नाही, फोटो गटांवर फिरवायचा नाही, आणि अठरा वर्षांखालचे मूल सापडले तर त्याच्या पालकांना बोलवायचे, एवढे तरी त्यांना पक्के समजले पाहिजे. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही, असा बाल न्यायाचा नियम आहे. मग त्याला आयुष्यभराचा डाग लावण्याचा हक्क दुकानाला कुणी दिला?

त्या बाईंचे आधार कार्ड आम्ही पत्र देऊन परत मिळवले. सातशे रुपये अजून यायचे आहेत. पण प्रत्येकीला वकील गाठता येत नाही, आणि लाजेपोटी बहुतेक जणी कोणाला सांगतही नाहीत. कानातले गहाण ठेवून पैसे भरतात. त्यांना त्या खोलीत बसल्या जागी आपला हक्क कळावा, एवढी व्यवस्था आपल्या अधिकारात आहे. पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीआधी ती उभी राहावी, अशी आग्रहाची विनंती आहे. त्या कामात लागेल तेवढा वेळ मी देईन.

आपली,
जालना न्यायालयातील एक वकील