सुईविना निदान

पुसदच्या बाजारात धान्य घेणारा व्यापारी पोते उसवीत नाही. सळई खुपसून मूठभर दाणे काढतो व तळहातावर पारखतो. तरीही एका मुठीवरून साऱ्या मालाचा भाव ठरविताना त्याचे मन साशंकच असते. यकृताच्या बायोप्सीत हीच अडचण आहे. सुईने काढलेला तुकडा यकृताच्या सुमारे ५०,००० व्या हिश्श्याएवढा. रोग शेजारीच दडला असेल, तर तो निसटतो. शिवाय वेदना, रक्तस्रावाचे भय आणि अनेकदा नांदेड वा नागपूरची खेप.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील भारतीय वंशाच्या संशोधिका डॉ. संगीता भाटिया यांनी निराळी वाट धरली. शरीरात प्रथिने कापणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, असतात. कर्करोगाची गाठ आसपासच्या पेशींत शिरताना अशा काही विकरांचा जोर वाढतो. भाटिया यांच्या गटाने अतिसूक्ष्म कणांवर प्रथिनांचे आखूड धागे बसविले. कण शरीरात गेला की रोगग्रस्त जागी विकर तो धागा कापते. कापलेला तुकडा मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतो. मूळ कण मोठा असल्याने गाळला जात नाही. एकच विकर एकामागून एक असंख्य धागे कापीत राहते, म्हणून गाठ इवलीशी असली तरी खूण ठळक उमटते. साऱ्या युक्तीचे मर्म येथेच आहे.

२०१४ साली या गटाने गर्भधारणेच्या चाचणीसारख्या कागदी पट्टीवर लघवीतून मोठ्या आतड्याचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या ओळखून दाखविल्या. २०२४ साली पुढची पायरी आली: कण श्वासावाटे द्यायचे आणि फुप्फुसाचा कर्करोग पट्टीवर वाचायचा. टोचणेही नाही.

मात्र हे दोन्ही प्रयोग उंदरांवर झाले. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांना ही बाब खटकेल. ती लपविण्याचे कारण नाही. माणसांवरील चाचण्या अद्याप प्रारंभिक टप्प्यात आहेत. पट्टी स्वस्त असली तरी कण देहात जातो, त्यामुळे नव्या औषधाप्रमाणेच त्याच्या सुरक्षिततेची परीक्षा व्हावी लागते आणि तिला वर्षे लागतात. तोवर पुसदच्या एखाद्या प्रयोगशाळेत कोणी या नावाने लघवीची ‘नॅनो तपासणी’ पुढे केली, तर पैसे मोजण्यापूर्वी त्या चाचणीची मान्यता लेखी मागावी.