रिश्त्यासाठी लपवलेली नजर

मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, समोरून आलेली मैत्रीण ओळखू येत नाही. पण गल्लीतून पळताना ती कुठेही धडकत नाही. मग घरात ठरतं, अभ्यास टाळायला नाटक करते. दोनदा चष्मा बदलतात. फरक शून्य.

हा स्टारगार्ट आजार असू शकतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, चेहरे ओळखणं त्याच्या जोरावर. तोच झिजतो, कडेची नजर बहुधा शाबूत राहते. कार्ल स्टारगार्ट या जर्मन डॉक्टरने १९०९ मध्ये याचं वर्णन केलं. आजार आनुवंशिक आहे आणि बहुतेक वेळा सदोष जनुक आई व वडील, दोघांकडून आलेलं असतं. सुनेला बोल लावणाऱ्यांनी 'दोघांकडून' हा शब्द पुन्हा वाचावा.

आज यावर हमखास इलाज नाही. (व्हिटॅमिन ए च्या गोळ्या मनाने देऊ नका, या आजारात त्या नुकसान करू शकतात.) पण माझी तक्रार लपवण्याबद्दल आहे. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. रिश्ता मोडेल म्हणून अम्मी-अब्बा दिव्यांग प्रमाणपत्रच काढत नाहीत. २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टीची वेगळी नोंद आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर परीक्षेत लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. यातलं काहीच न घेता मुलगी दहावीला घरी बसते.

मग तिच्यासाठी घरातलाच मुलगा बघतात. 'चुलत भाऊ आहे, समजून घेईल.' गफलत इथेच होते. अशा मुलीचा सख्खा चुलत, मामे किंवा मावस भाऊ तेच जनुक बाळगून असण्याची शक्यता साधारण चारात एक असते, आणि त्याची स्वतःची नजर ठणठणीत असते. तो वाहक निघाला, तर दोघांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. नात्यात निकाह जायज आहे, फर्ज नाही. ज्या घरात हा आजार आहे, तिथे तरी बात पक्की करण्याआधी जनुकीय तपासणी आणि समुपदेशन व्हायलाच हवं, आणि ते मुलाकडच्यांपासून न लपवता.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते आणि मदिनेत अजान देत. त्यांचं अंधत्व कुणी लपवलं नाही.

जालन्याला जाऊन पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. धाकटी बहीण असेल, तर तिलाही त्याच एसटीने न्या.