भिजत घोंगड्याची सत्ता

शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने आपल्याला राज्यव्यवस्थेचे चित्र फार सुबक करून शिकवले. विधिमंडळाने कायदे करावेत, सरकारने ते राबवावेत, न्यायालयाने त्यांची पारख करावी. एकाने मर्यादा ओलांडली तर दुसऱ्याने त्याला ‘नाही’ म्हणावे. या ‘नाही’ म्हणण्यालाच आपण सत्तेचा समतोल म्हणतो. पण गेल्या काही वर्षांत आपल्या सार्वजनिक जीवनात एक वेगळीच रीत रुळली आहे. येथे कोणी कोणाला ‘नाही’ म्हणत नाही आणि ‘हो’ही म्हणत नाही. कागद येतो, पोच मिळते आणि घोंगडे भिजत पडते.

‘नाही’ उघडपणे म्हटले जात होते तेव्हा काय होत असे, ते आधी आठवू. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निवाडा दिला की, संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये संसदेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये, आणीबाणी चालू असतानाच, तो भाग घटनाबाह्य ठरवला.

अर्थात न्यायालय नेहमीच ताठ उभे राहिले, असेही नाही. एप्रिल १९७६ मध्ये आणीबाणीतील स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क नाही, असे चार न्यायमूर्तींनी सांगितले, एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात गेले. पण ती चूक झाकून राहिली नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संसदेने अशी तरतूद केली की, जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क बजावण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही. आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निवाडाच मोडीत काढला. चुकीचा का होईना, निर्णय लेखी आणि सकारण होता. म्हणून तो पुढे खोडता आला.

न झालेला निर्णय मात्र खोडायचा कसा? आजचा खरा प्रश्न हा आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. विधान परिषदेवर बारा सदस्य राज्यपालांनी नियुक्त करायचे असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने बारा नावांची यादी राजभवनावर पाठवली. राज्यपालांनी ती मान्य केली नाही, नाकारलीही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यपालांना वाजवी मुदतीत निर्णय घेण्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली. तरीही यादी तशीच राहिली. पुढे सरकार बदलले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. यादी नाकारली असती तर कारण द्यावे लागले असते, आणि त्या कारणाची चिकित्सा झाली असती. मौनाची चिकित्सा कशी करणार?

दुसरे उदाहरण विधानसभा अध्यक्षांचे. शिवसेनेतील फुटीनंतर आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका २०२२ च्या उन्हाळ्यात दाखल झाल्या. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने अध्यक्षांना वाजवी वेळेत निकाल देण्यास सांगितले. त्यानंतरही न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली आणि ती वाढवूनही द्यावी लागली. निकाल आला १० जानेवारी २०२४ रोजी. कोणीच अपात्र ठरले नाही. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या विधानसभेची निवडणूक झाली. ज्या सभागृहातील सदस्यत्वाचा वाद होता, ते सभागृहच इतिहासजमा झाले. वास्तविक असे अर्ज साधारणपणे तीन महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच म्हटले होते.

ही कोणा एका पक्षाची मिरासदारी नव्हे. फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत, सुमारे सतरा महिने, महाराष्ट्र विधानसभेला अध्यक्षच नव्हते. त्यातला बहुतेक काळ महाविकास आघाडीच्या कारकिर्दीतला. लोकसभेने उपाध्यक्ष ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावा, असे घटना सांगते. पण २०१९ ते २०२४ या काळातील लोकसभेने तो अखेरपर्यंत निवडलाच नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी न्यायवृंदाने एखादे नाव पुन्हा पाठवले तर ते सरकारवर बंधनकारक असते. असे नाव तीन ते चार आठवड्यांत मार्गी लावावे, असे न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. तरीही सरकारकडे फायली अडून राहण्याची तक्रार संपली नाही.

आणि न्यायालय स्वतः? निवडणूक रोखे योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका २०१७ पासून येत होत्या. मधल्या काळात एक आख्खी लोकसभा निवडणूक त्याच पैशावर पार पडली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले, आणि निवडणुका घेण्याचा आदेश निघाला तो मे २०२५ मध्ये. तुंबलेल्या गटाराची किंवा गढूळ पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचे तो नगरसेवकच तीन वर्षांहून अधिक काळ नव्हता. घटनेचा पेच घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो तो असा.

या दुखण्याचे मूळ घटनेच्या शब्दांतही आहे. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवायचे तर सहा आठवड्यांत पाठवावे, अशी मुदत घटनेच्या मसुद्यात होती. १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द सुचवले आणि ते स्वीकारले गेले. पदावरची माणसे संकेत पाळतील, हा त्यामागचा विश्वास. अमेरिकेच्या घटनेने असा विश्वास टाकला नाही. तेथे काँग्रेसचे अधिवेशन चालू असताना अध्यक्षांनी रविवार वगळून दहा दिवसांत विधेयक परत पाठवले नाही, तर सहीविनाच त्याचा कायदा होतो.

आपल्याकडे हा प्रश्न तामिळनाडूने धसास लावला. तेथील काही विधेयके २०२० पासून राजभवनात होती. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती आखून दिल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. राष्ट्रपतींनी यावर अभिप्राय मागवला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी २० नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितले की, न्यायालयाला अशा मुदती घालता येत नाहीत आणि संमती गृहीतही धरता येत नाही. मात्र राज्यपालांनी विनाकारण दीर्घकाळ काहीच केले नाही, तर ‘निर्णय घ्या’ एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते.

थांबणे सदैव वाईटच असते काय? तसे नाही. १९८६ मध्ये संसदेने संमत केलेल्या टपाल विधेयकाने नागरिकांची पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार सरकारला मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. तो कायदा कधीच झाला नाही, आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु चांगल्या हेतूने वापरलेले मौन आणि सोयीचे मौन बाहेरून सारखेच दिसते. आज आवडत्या माणसाने वापरलेले हत्यार उद्या नावडत्याच्या हाती जाते.

म्हणून उपाय साधा आणि तिन्ही संस्थांना सारखाच लागू हवा. घटनेत मुदती घालायच्या तर ते काम संसदेचे आहे. तिने ते करावे, आणि अध्यक्षपदाच्या खुर्चीलाही त्यांतून सूट देऊ नये. तोवर निदान विलंबाचे कारण लेखी देण्याचा दंडक हवा, मग फाईल राजभवनातली असो, मंत्रालयातली असो की न्यायालयाच्या यादीतली. ‘नाही’ ऐकण्याची सवय लोकशाहीला आहे. त्यावर वाद घालता येतो, अपील करता येते, पुढच्या निवडणुकीत हिशेब मागता येतो. उत्तरच न देणाऱ्या सत्तेपुढे मात्र मतदार हतबल होतो. त्याने आपल्या प्रतिनिधींना आता एवढेच विचारायचे आहे: निर्णय काय तो द्या, पण कधी देणार?