हौसेचा गळ आणि पाण्याचे नियम

सोलापूर (प्रतिनिधी) : सुट्ट्या लागल्या की शुक्रवार पेठेसारख्या शहरातील जुन्या पेठांमध्ये प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. एकेकाळी हे बेत पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा देवदर्शनापुरते असत. आता त्यात तारकर्ली, मालवण आणि गोवा यांची भर पडली आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली आणि समुद्र सोलापूरकरांच्या आणखी जवळ आला. मासे खाण्यासाठी किनारा गाठणाऱ्या या पर्यटकाला आता मासा स्वतः गळाला लावण्याचीही हौस वाटू लागली आहे. ज्यांना दूर जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी पुणे महामार्गालगत उजनीचा अथांग जलाशय आहेच. मात्र पाणी कोणाचे, त्यातील मासा केव्हा धरायचा आणि जीव कसा सांभाळायचा, याची माहिती पर्यटकाला सहसा कोणी देत नाही. ही हौस त्यामुळे कधी स्थानिक मच्छीमाराच्या पोटावर, तर कधी पर्यटकाच्याच जिवावर बेतू शकते.

पावसाळा समुद्राचा नव्हे

महाराष्ट्र आणि गोव्याच्या सागरी हद्दीत दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बंदीचा कायदा येण्यापूर्वी कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटत असे. कायद्याने ठरवून दिलेली विश्रांती या परंपरेत आधीपासूनच होती. त्यामुळे या दोन महिन्यांत 'बोटीतून मासेमारीला नेतो' असे कोणी सांगितल्यास पर्यटकाने त्या मोहाला बळी पडू नये. बिगरयांत्रिक होड्यांना या बंदीतून सूट असली, तरी ती पारंपरिक मच्छीमाराच्या पोटासाठी आहे. पर्यटकाच्या सहलीसाठी ती सवलत नाही.

लहान मासा पाण्यात परत सोडणे, हा दुसरा नियम. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकारमान निश्चित केले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला जाऊ नये, हा आकारमानाच्या नियमामागील हेतू आहे. हा नियम मुख्यतः व्यावसायिक मासेमारीसाठी असला, तरी गळ टाकणाऱ्या हौशी माणसालाही त्यातून शिकण्यासारखे आहे.

भरती-ओहोटीचे गणित

धरण, तलाव आणि विहिरी पाहत वाढलेल्या सोलापूरकराला भरती-ओहोटीचा अनुभव नसतो आणि धोका नेमका तिथेच असतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते आणि दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढ-उतार कमी असते. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, गोव्याकडे ती त्या मानाने बरीच कमी असते. पाणी वळते, तेव्हा लहान मासे आणि कोळंबी हालचाल करू लागतात. त्यांच्यामागे तांबोशी, जिताडा यांसारखे शिकारी मासे खाडीच्या मुखाशी आणि कांदळवनाच्या मुळांपाशी येतात. अनुभवी गळकरी हीच वेळ साधतात.

ओहोटीला जे खडक कोरडे दिसतात, ते भरतीला पाण्याने वेढले जातात. खडकावर जाण्यापूर्वी भरतीची वेळ स्थानिकांना विचारणे, समुद्राकडे पाठ करून उभे न राहणे आणि ओल्या शेवाळावर पाय न ठेवणे, ही किमान दक्षता होय. गोव्यातील प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. पण आडवाटेच्या खडकावर ते असतीलच असे नाही.

गळाला लागलेला प्रत्येक मासा हाताळण्याजोगा नसतो. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीवरील काटा विषारी असतो. तो लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, त्याने वेदना कमी होतात. त्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. फुगणारा केंड मासा कोणी भेट दिला, तरी तो स्वयंपाकघरात नेऊ नये. त्याचे विष शिजवल्याने नष्ट होत नाही.

उजनीचे पाणी वेगळे

समुद्राची ही खबरदारी घेणारा माणूसही उजनीच्या काठी निर्धास्त होतो. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेपैकी जवळपास ६३ टीएमसी साठा मृत आहे. धरण 'उणे' पातळीवर गेल्याच्या बातम्या सोलापूरकर दर उन्हाळ्यात वाचतात, तेव्हाही पात्रात भरपूर पाणी असते. पाणी ओसरले की पळसदेवच्या मंदिरासारख्या बुडालेल्या वास्तू वर येतात आणि काठावर गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसणारा हा गाळ आतून मऊ असतो व पाय रुतल्यावर बाहेर पडणे कठीण होते. वादळी वाऱ्यात या जलाशयावर उठणाऱ्या लाटाही कमी लेखण्यासारख्या नाहीत. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जणांचा बळी गेला. लाईफ जॅकेट अंगावर चढविल्याखेरीज बोटीत पाऊल न ठेवणे, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

उजनीतील मासा फुकटचा आहे, हाही एक गैरसमज होय. राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क शासनाच्या धोरणानुसार ठेका वा परवान्याने दिले जातात आणि काठावरील शेकडो कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. रोहू, कटला, मृगल यांना अंडी घालण्यासाठी पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास फारशी होत नसल्याने बीज सोडावे लागते. याउलट १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी मासा साठलेल्या पाण्यातही भराभर वाढतो, म्हणूनच हौशी माणसाच्या गळाला बहुधा तोच लागतो. त्यातच बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसली जातात आणि पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे याच जलाशयात येते. आफ्रिकन मांगूरच्या पैदाशीवर केंद्राने २००० मध्येच बंदी घातली आहे. तो गळाला लागल्यास पुन्हा पाण्यात सोडू नये. तुटलेली नायलॉनची दोरीही काठावर टाकू नये. हिवाळ्यात भिगवण परिसरात येणाऱ्या पक्ष्यांच्या पायांभोवती तिचा फास बसतो.

बंदी की व्यवस्था?

हौशी मासेमारीला सरसकट बंदी घालणे किंवा तिच्याकडे काणाडोळा करणे, असे दोन सोपे मार्ग प्रशासनापुढे आहेत. कर्नाटकात भीमेश्वरीसह कावेरीकाठच्या छावण्यांत पूर्वी पर्यटक महसीर पकडून परत सोडत असत. हा भाग अभयारण्यात असल्याने २०१० नंतर तेथील गळ थांबले. आमच्या असण्याने चोरट्या मासेमारीला आळा बसत होता, असा तेथील गळकऱ्यांचा दावा होता. अभयारण्यात वन्यजीवाला गळ लावणे म्हणजे शिकारच, ही दुसरी बाजूही तितकीच ठाम होती. हिमाचल प्रदेशाने वेगळी वाट धरली. तेथे ट्राऊट पकडण्यासाठी पर्यटकाला परवाना घ्यावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ मासेमारीसाठी बंद असतो.

उजनीत जलपर्यटन वाढविण्याच्या योजना आखल्या जात असताना या दुसऱ्या वाटेचा विचार होणे अगत्याचे आहे. ठराविक जागा, माफक शुल्काचा दैनिक परवाना, पावसाळ्यातील बंद काळ आणि वाटाड्या म्हणून परवानाधारक स्थानिक मच्छीमार, एवढी व्यवस्था झाली तरी पर्यटकाची हौस आणि मच्छीमाराची भाकरी यांचा मेळ बसू शकेल. बीज सोडण्याचा खर्चही या शुल्कातून काही अंशी निघेल. अशी व्यवस्था होईपर्यंत जबाबदारी पर्यटकावरच राहते. गळ टाकण्यापूर्वी काठावरच्या मच्छीमाराला विचारावे. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि माशाचा हंगाम यांची सर्वांत खात्रीची माहिती आजही त्याच्याकडेच आहे.