प्लॅन कधी बदलायचा?

मासेमारीची स्पर्धा म्हटलं की वाटतं, गळ टाकायचा आणि बसायचं. पण अमेरिकेतल्या बास फिशिंगमध्ये नुसतं बसणारा हरतो. दिवसभरात कितीही मासे लागू देत, बहुतेक स्पर्धांत धरले जातात फक्त पाच, तेही वजनावर. त्यामुळे डोक्यात सतत एकच प्रश्न: इथेच थांबू की जागा बदलू?

2016 ची ‘बासमास्टर क्लासिक’ आठवा. ओक्लाहोमातल्या ग्रँड लेकवर शेवटच्या दिवशी एडविन एव्हर्स सहा पौंडांहून जास्त मागे होता. त्याने आधीच्या जागा सोडल्या आणि बोट थेट एल्क नदीत घातली. त्या दिवशीचे पाच मासे भरले 29 पौंडांवर, म्हणजे तेरा किलोंहून जास्त! ट्रॉफी त्याचीच.

याला नुसतं धाडस म्हणणं मला पटत नाही. आधीचे दोन दिवसही त्याला मासे मिळत होतेच, फक्त जिंकण्याइतके नव्हते. आणि वाट बदलली तेव्हा हातात वेळ होता. वेळ असला की आधी आमिष, मग खोली, मग जागा असं एकेक बदलून बघता येतं. काय चुकत होतं ते कळतं. शेवटच्या तासात घाबरून सगळंच बदललं तर ती नुसती पळापळ.

आपण मात्र ‘इतकी वर्षं घातलीत’ म्हणत चौथ्या अटेम्प्टलाही तीच पद्धत धरून बसतो. गेलेली वर्षं मोजून काय मिळणार? उरलेली मोजूया की!