वय विचारलंत, उत्पन्न विचारलंत. आता कूस कोण बदलतं तेही विचारा

प्रति,
मुख्य आयुक्त, ग्रेटर बंगळूरु प्राधिकरण
आणि आरोग्य व कुटुंब कल्याण खाते, कर्नाटक शासन



1948 साली आखलेलं आमचं जयनगर आता वयस्कर झालं आहे. एचएमटी, बीईएल, एचएएलच्या नोकऱ्यांमुळे पुण्या-बेळगावकडून आलेली मराठी माणसं इथे कन्नड शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. त्यांची मुलं आज परगावी, परदेशी आहेत. मागे राहिलेल्या दोघांपैकी एकाला पक्षाघात झाला, तर रुग्णालयातले दिवस कसेबसे निभतात. खरी कसोटी घरी आणल्यावर लागते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवायचं, डायपर बदलायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. हे सगळं करणारी बहुधा स्वतः सत्तरी ओलांडलेली बायको असते आणि तिच्या गुडघ्यांची कुणी चौकशी करत नाही. नर्सिंग ब्युरोतून माणूस ठेवावा तर पेन्शनचा मोठा वाटा तिथेच संपतो.

शेजारच्या एका आजींसाठी मी सरकारी मदतीची चौकशी करायला गेले, तेव्हा मला सांगण्यात आलं, "पेशंटला घेऊन या." त्या अंथरुणावरून उठू शकत नव्हत्या, म्हणूनच तर मी गेले होते. समोरचा कर्मचारी उद्धट नव्हता. त्याच्याकडच्या कोणत्याच फॉर्ममध्ये या गरजेसाठी जागा नव्हती.

योजना नाहीत असं मी म्हणणार नाही. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटणं त्याच्या कामातच लिहिलेलं आहे. आयुष्मान भारत विमा योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना खुली झाली. मात्र तिचे पाच लाख रुपये रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतात. त्याच वर्षी तुमच्या 'गृह आरोग्य' योजनेने घरोघरी रक्तदाब आणि साखर तपासायला सुरुवात केली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तपासणी करून माणूस निघून जातो आणि रात्र त्या घराला एकट्यानेच काढावी लागते. घरच्या शुश्रूषेचा उल्लेख असलेलं ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं. त्याचा कायदा झाला नाही.

हे आपल्याकडे अशक्य आहे, असं कृपया म्हणू नका. शेजारच्या केरळने 2008 मध्ये उपशामक शुश्रूषेचं धोरण केलं आणि स्थानिक संस्थांच्या पैशातून परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याच शहरात 'करुणाश्रय' ही संस्था कॅन्सरच्या रुग्णांना कित्येक वर्षं घरी जाऊन मोफत सेवा देते आहे. जपानने 2000 साली शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. तिथे अर्ज आला की पाहणी करणारा माणूस घरी येतो. रोग्याला काय जमतं, काय जमत नाही हे तो पाहतो आणि त्यावरून मदतीची पायरी ठरते. वय आणि उत्पन्नाचा दाखला पाहून हे कधीच कळणार नाही. पेन्शन बरी असलेल्या घरातही पेशंटला उचलायला दुसरे हात नसतात.

माझी मागणी साधी आहे. घरच्या शुश्रूषेसाठी एकच अर्ज ठेवा. तो कन्नडमध्ये तर हवाच, शिवाय या शहरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांतही असू द्या. तो फोनवरून करता यावा आणि 'नम्म क्लिनिक' या सरकारी दवाखान्याची परिचारिका घरी येऊन तो पुरा करून घेईल, अशी व्यवस्था हवी. पहिला प्रश्न असा असावा: रात्री तुम्हाला कोण उठवतं? पाहणीनंतर आठवड्याचे ठरावीक तास प्रशिक्षित मदतनीस मिळावी. तिला रीतसर पगार आणि सुट्टी द्या. नाहीतर एका घरातल्या बाईची दमछाक आपण फक्त दुसऱ्या बाईवर ढकलू. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळावं आणि दाद कुठे मागायची तेही त्याच कागदावर असावं.

2025 मध्ये शहराच्या पाच महापालिका झाल्या. कोणता अर्ज कुठल्या दारात द्यायचा, याचा गोंधळ अजून निवळलेला नाही. तो निवळेपर्यंत या कामासाठी प्रत्येक वॉर्डात एक जबाबदार अधिकारी नेमा आणि त्याचा फोन नंबर क्लिनिकच्या दारावर लावा.

येत्या अर्थसंकल्पात घरच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र तरतूद करा आणि सुरुवात जयनगरपासून करा. पाहणीसाठी घरोघरी सोबत यायला आम्ही रहिवासी तयार आहोत.

आपली,
जयनगरमधील एक मराठी रहिवासी